वैद्यकीय प्रतिमा-नोंदींचा संगणकीय शोध व निवड

क्ष-किरण चित्रण, संगणकीकृत छेदचित्रण (सीटी), चुंबकीय अनुस्पंदन चित्रण (एमआरआय), श्राव्यातीत ध्वनिचित्रण इ. तपासण्यांतून निर्माण होणाऱ्या प्रतिमा व त्यांच्याबरोबर साठविलेली माहिती यांतून ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्या नोंदी संगणकाच्या साहाय्याने शोधून काढणे आणि बाकीच्या वगळणे, या क्रियेला वरील संज्ञा लावतात. हे काम दरवेळी मुळापासून आज्ञा लिहून करावे लागू नये म्हणून आज्ञावलींचे तयार संच उपलब्ध असतात. संगणकक्षेत्रात अशा संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत प्रथम प्रतिमा-नोंदीची घडण व रुग्णालयातील शोधपद्धती थोडक्यात सांगितली असून नंतर फुप्फुसांच्या सीटी प्रतिमांचा एलआयडीसी-आयडीआरआय हा सार्वजनिक संग्रह आणि त्यासाठी लिहिलेली पायएलआयडीसी ही लायब्ररी यांच्या आधारे विवेचन केले आहे. या उदाहरणाची निवड सहेतुक आहे. गाळणीची एखादी अट बदलली की, ‘गाठ’ कशाला म्हणावयाचे हेच कसे बदलते, ते येथे आकड्यांनिशी दाखविता येते.

नोंदीचे स्वरूप : सीटी यंत्रे रुग्णालयांत रूढ झाल्यावर प्रत्येक उत्पादकाची प्रतिमा साठविण्याची रीत वेगळी असल्यामुळे एका यंत्रावरील प्रतिमा दुसऱ्या यंत्रावर पाहता येत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी व नॅशनल इलेक्ट्रिकल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या संस्थांनी १९८३ मध्ये एक संयुक्त समिती नेमली. समितीचे पहिले मानक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले व १९९३ मध्ये त्याला ‘डायकॉम’ हे नाव व आजचे रूप मिळाले. आज जगातील बहुतेक सर्व वैद्यकीय प्रतिमायंत्रे हेच मानक पाळतात.

डायकॉम फाइलच्या आरंभी १२८ बाइटांची, ठराविक अर्थ नसलेली जागा असते व तिच्यानंतर ‘डीआयसीएम’ ही चार रोमन अक्षरे येतात. त्यापुढे एकामागून एक घटक मांडलेले असतात. प्रत्येक घटकाला गट व घटक अशा दोन भागांचा षोडशमान पद्धतीतील क्रमांक, मूल्याचा प्रकार दर्शविणारी दोन अक्षरे, लांबी व प्रत्यक्ष मूल्य असते. उदा., (००१०,००१०) हे रुग्णाचे नाव, (००१०,००२०) हा रुग्णक्रमांक, (०००८,००२०) हा तपासणीचा दिनांक, (०००८,००६०) ही तपासणीची पद्धत व (००१८,००५०) ही छेदाची जाडी होय. प्रतिमेचे चित्रबिंदू हा या मांडणीतील शेवटी येणारा व आकाराने सर्वांत मोठा घटक असतो. म्हणून केवळ गाळणी करावयाची असेल, तर चित्रबिंदूंपर्यंत न पोचता आधीचे घटक वाचून थांबणे हिताचे असते. पायथन भाषेतील पायडायकॉम या मुक्त लायब्ररीत तशी सोय आहे. हजारो फाइलींच्या चाळणीत तिच्यामुळे लागणारा वेळ फारच कमी होतो.

नोंदींची रचना चार पायऱ्यांची असते : रुग्ण, तपासणी, मालिका व प्रतिमा. एका रुग्णाच्या अनेक तपासण्या, एका तपासणीत अनेक मालिका व एका मालिकेत शेकडो प्रतिमा असू शकतात. छातीच्या एका सीटी तपासणीतून तीच मोजमापे वेगवेगळ्या जाडीच्या छेदांत पुन्हा मांडून दोनतीन मालिका तयार करणे ही नेहमीची गोष्ट आहे. तपासणी, मालिका व प्रतिमा यांना प्रत्येकी एकमेव अभिज्ञान-क्रमांक दिलेला असतो. हा केवळ अंक व बिंदू यांचा बनलेला असून त्याची लांबी ६४ चिन्हांहून अधिक नसते. शोध कोणत्या पायरीवर घेत आहोत हे आधी ठरविले नाही, तर मिळणाऱ्या संख्येला अर्थ राहत नाही. ‘दोनशे सीटी मिळाले’ या विधानात दोनशे रुग्ण अभिप्रेत असू शकतात किंवा एकाच रुग्णाचे दोनशे छेदही.

रुग्णालयातील शोध : रुग्णालयाच्या मध्यवर्ती प्रतिमा-साठ्याला शोधप्रश्न विचारण्याच्या डायकॉममधील क्रियेस ‘सी-फाइंड’ म्हणतात. विचारणारा एक कोरा नमुना पाठवितो. ज्या घटकांत मूल्य भरले असेल त्या अटी ठरतात व जे घटक रिकामे ठेवले असतील त्यांची मूल्ये उत्तरात भरून येतात. दिनांकाच्या जागी दोन दिनांक मध्ये आडवी रेघ देऊन लिहिल्यास त्या कालखंडातील नोंदी मिळतात. तारकाचिन्ह कितीही अक्षरांच्या जागी व प्रश्नचिन्ह एका अक्षराच्या जागी चालते. साठा जुळणारी प्रत्येक नोंद स्वतंत्र उत्तराने कळवितो व शेवटी शोध संपल्याची खूण पाठवितो.

प्रतिमा प्रत्यक्ष मागविण्याच्या ‘सी-मूव्ह’ या क्रियेत एक गोष्ट नवख्याला बुचकळ्यात टाकते. साठा मागणाऱ्याला त्याच जोडणीवरून प्रतिमा देत नाही, तर सांगितलेल्या ठिकाणाशी स्वतः नवी जोडणी करून तेथे पाठवितो. ते ठिकाण साठ्याच्या यादीत आधीपासून नोंदलेले नसेल, तर आज्ञा बिनचूक असूनही काहीच येत नाही. अलीकडे डायकॉमवेब या भागामुळे हाच शोध साध्या वेब-पत्त्यातून घेता येतो व उत्तर त्याच जोडणीवर मिळते.

नावावरून घेतलेला शोध कधीच विश्वासार्ह नसतो. मराठी नावांच्या बाबतीत तर नाव, वडिलांचे वा पतीचे नाव व आडनाव यांचा क्रम आणि रोमन लिपीतील वर्णलेखन ही दोन्ही नोंद करणाऱ्यागणिक बदलतात. एकाच व्यक्तीच्या दोन तपासण्या दोन भिन्न रुग्णांच्या म्हणून साठ्यात राहण्याचे ते एक सर्रास आढळणारे कारण आहे.

यापेक्षा सूक्ष्म अडचण रिकाम्या घटकांची आहे. डायकॉममध्ये छेदजाडीचा घटक सीटी प्रतिमेत असावाच लागतो. परंतु त्याचे मूल्य रिकामे ठेवण्यास मुभा आहे. तपासलेल्या अवयवाच्या नावाचा घटक तर ऐच्छिकच आहे. अशा नोंदी कोष्टकांच्या स्वरूपातील माहितीसाठ्यात भरल्या म्हणजे रिकाम्या मूल्याची कोणत्याही संख्येशी केलेली तुलना खरीही ठरत नाही व खोटीही ठरत नाही. परिणामी ‘जाडी २·५ मिमी. किंवा कमी’ या अटीने ती नोंद मिळत नाही आणि ‘जाडी २·५ मिमी. हून अधिक’ या विरुद्ध अटीनेही मिळत नाही. दोन्ही उत्तरांची बेरीज मूळ संख्येपेक्षा कमी भरते, एवढाच काय तो पुरावा मागे राहतो. ही बेरीज करून पाहण्याची सवय प्रत्येक अभ्यासकाने लावून घ्यावी.

एलआयडीसी-आयडीआरआय संग्रह : फुप्फुसाचा कर्करोग प्रारंभीच्या अवस्थेत अनेकदा सीटी छेदात लहान गाठीच्या रूपाने दिसतो. अशा गाठी शोधण्यासाठी क्ष-किरणतज्ञाला साहाय्य करणाऱ्या संगणकीय पद्धती तयार करावयाच्या, तर त्या कशावर शिकवावयाच्या व कशावर पारखावयाच्या, हा प्रश्न होता. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २००० साली हाती घेतलेल्या उपक्रमातून व त्याला नंतर मिळालेल्या खाजगी उद्योगांच्या सहकार्यातून हा संग्रह उभा राहिला. सात शैक्षणिक केंद्रे व आठ उद्योगसंस्था त्यात सहभागी होत्या. संग्रहाचे सविस्तर वर्णन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १,०१० रुग्णांची १,०१८ सीटी चित्रणे आहेत. म्हणजे आठ रुग्णांची चित्रणे दोनदा आलेली आहेत. छेदजाडी ०·६ मिमी. पासून ५ मिमी. पर्यंत आहे. हा संग्रह ‘द कॅन्सर इमेजिंग अर्काइव्ह’ या सार्वजनिक भांडारातून विनामूल्य मिळतो.

संग्रहाचे खरे मोल त्यातील तज्ञांच्या खुणांत आहे. प्रत्येक चित्रण चार क्ष-किरणतज्ञांनी दोन टप्प्यांत वाचले. पहिल्या टप्प्यात प्रत्येकाने इतरांच्या खुणा न पाहता स्वतंत्रपणे खुणा केल्या. दुसऱ्या टप्प्यात इतर तिघांच्या खुणा नावे गाळून त्याला दाखविण्यात आल्या व त्या पाहून त्याने आपले अंतिम मत नोंदविले. चौघांचे एकमत घडवून आणण्याचा प्रयत्न मुद्दामच केला नाही. खुणांचे तीन वर्ग होते : ३ मिमी. वा अधिक व्यासाची गाठ, ३ मिमी. हून लहान गाठ आणि गाठ नसलेली ३ मिमी. वा अधिक आकाराची विकृती. पहिल्या वर्गातील गाठीची कड प्रत्येक छेदात रेखाटून तिच्या काही गुणांना तज्ञाने श्रेणी दिली. ठळकपणा, गोलाई, कडेची स्पष्टता, पाळीदारपणा, काटेरीपणा, पोत व मारकता हे गुण १ ते ५ या श्रेणींत असून अंतर्गत रचना व कॅल्सिभवन यांच्या श्रेणी निराळ्या आहेत. रेखाटलेली कड गाठीच्या बाहेरच्या बाजूने जाते; तिच्यावरील चित्रबिंदू गाठीचे नसतात. हे लक्षात न घेता घनफळ मोजल्यास लहान गाठींच्या बाबतीत चूक लक्षणीय होते.

आता फलित पाहू. चौघांपैकी निदान एकाने ‘३ मिमी. वा अधिक व्यासाची गाठ’ म्हणून दर्शविलेल्या विकृती २,६६९ भरल्या. त्याच वर्गात चौघांनीही ठेवलेल्या केवळ ९२८, म्हणजे सु. ३५ टक्के, होत्या. इतरांची मते पाहून आपले मत बदलण्याची संधी दिल्यानंतरचे हे आकडे आहेत. तेव्हा या संग्रहात गाठी किती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते शोधप्रश्नावर अवलंबून आहे.

पायएलआयडीसी लायब्ररी : मूळ संग्रहात प्रतिमा डायकॉम फाइलींत व तज्ञांच्या खुणा एक्सएमएल या मजकुरी रूपातील फाइलींत आहेत. दोहोंची सांगड घालणे कष्टाचे असते. हे काम सोपे करणारी पायएलआयडीसी ही लायब्ररी मॅथ्यू हॅन्कॉक यांनी पायथन भाषेत लिहिली. तिच्याबरोबर खुणांचा एक लहान तयार माहितीसाठा येतो. प्रतिमा मात्र भांडारातून वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात व त्या कोठे ठेवल्या आहेत, हे एका छोट्या फाइलीत लिहून ठेवावे लागते. माहितीसाठ्यात तीन मुख्य कोष्टके आहेत : चित्रण, खूण व कड. एका चित्रणाच्या अनेक खुणा व एका खुणेच्या अनेक कडा असा त्यांचा संबंध आहे. प्रतिमा हाताशी नसल्या तरी पुष्कळसे प्रश्न केवळ या कोष्टकांवरून सोडविता येतात.

शोधप्रश्नाची रचना सोपी आहे. ‘चित्रण’ कोष्टक घ्यावे, त्याला ‘छेदजाडी १ मिमी. वा कमी’ ही एक व ‘चित्रबिंदूंमधील अंतर ०·६ मिमी. वा कमी’ ही दुसरी अट जोडावी. स्वल्पविरामाने जोडलेल्या अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. या क्षणापर्यंत प्रत्यक्ष शोध झालेला नसतो. केवळ प्रश्नाचा मसुदा तयार असतो. संख्या, पहिली नोंद किंवा सर्व नोंदी यांपैकी काही मागितले म्हणजेच माहितीसाठा चाळला जातो. त्यामुळे एका मसुद्यावर दुसरी अट चढवीत प्रश्न हळूहळू अरुंद करता येतो आणि प्रत्येक पायरीवर किती नोंदी गळाल्या, हे पाहता येते. खुणांवर अट घालून तिला चित्रणाच्या अटीची जोडही देता येते, उदा., शिरेतून रंजकद्रव्य न देता घेतलेल्या चित्रणांतील, मारकतेची श्रेणी ५ असलेल्या खुणा.

छेदजाडीची अट सर्वांत अधिक वापरली जाते व तिचे कारण भौतिकीतील आहे. छेदातील प्रत्येक बिंदूचे मूल्य हे त्या जाडीतील सर्व ऊतकांच्या क्षीणनाची सरासरी असते. सीटीच्या मापप्रमाणात पाण्याचे मूल्य ० व हवेचे –१,००० धरतात. हवेने भरलेल्या फुप्फुसातील ४ मिमी. व्यासाची गाठ ५ मिमी. जाडीच्या छेदात सापडली, तर तिची घनता भोवतालच्या हवेत मिसळून ती फिकी दिसते किंवा दोन छेदांत विभागून हरवते. येथे छेदांची जाडी व छेदांमधील अंतर या दोन राशी वेगळ्या असल्याचे विसरता कामा नये. २·५ मिमी. जाडीचे छेद १·२५ मिमी. अंतराने, म्हणजे एकमेकांवर अर्धे चढवून, मांडलेले असू शकतात. लायब्ररी जाडी डायकॉम फाइलीतील घटकावरून घेते, तर अंतर लगतच्या छेदांच्या स्थानांवरून काढते. घनफळासारख्या मोजमापांना दुसरी राशी लागते.

खूण आणि गाठ : या लायब्ररीच्या वापरात सर्वाधिक घोटाळा होतो तो येथे. कोष्टकातील एक ओळ म्हणजे एक गाठ नव्हे, तर एका तज्ञाने एका गाठीवर केलेली एक खूण. चौघांनी पाहिलेली गाठ चार ओळींत येते. कोष्टकात ६,८०० हून अधिक खुणा आहेत व त्यांना गाठींची संख्या समजून लिहिलेले अहवाल प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. मूळ संग्रहात कोणती खूण कोणत्या गाठीची, हे लिहिलेलेच नाही. म्हणून लायब्ररी एका चित्रणातील खुणांची परस्परांपासूनची अंतरे मोजते व जवळच्या खुणांचे गट करते. एका गटात चारांहून अधिक खुणा येऊ लागल्यास अंतराची मर्यादा कमी करून ती पुन्हा गट पाडते. तेव्हा ‘गाठ’ हीदेखील येथे गणिताने काढलेली वस्तू आहे. जवळजवळ असलेल्या दोन लहान गाठींचे गट डोळ्यांनी पडताळून घेणे इष्ट असते.

याहून खोल असा मुद्दा मौनाचा आहे. ज्याने गाठ पाहिली नाही, किंवा पाहूनही तिला ३ मिमी. हून लहान ठरविले, त्याची ओळ या कोष्टकात नसते. कारण लायब्ररीच्या माहितीसाठ्यात केवळ पहिल्या वर्गातील खुणा घेतल्या आहेत. एकाच तज्ञाने खूण करून मारकतेला ५ श्रेणी दिली, तर त्या गाठीची सरासरी श्रेणी ५ येते. चौघांनी खूण करून ५, ५, ४, ४ अशा श्रेणी दिल्या, तर सरासरी ४·५ येते. केवळ सरासरीवर गाळणी केल्यास पहिली गाठ दुसरीपेक्षा अधिक संशयास्पद ठरेल. वस्तुतः पहिलीच्या बाबतीत तिघांनी तेथे या वर्गातील गाठच मानलेली नाही. म्हणून श्रेणीच्या अटीबरोबर खुणा करणाऱ्यांच्या संख्येची अट नेहमी जोडावी. अमुक एका तज्ञाच्या खुणा वेगळ्या काढण्याचा मार्ग मात्र बंद आहे. नावे वगळलेली असल्याने एका चित्रणातील पहिला वाचक व दुसऱ्या चित्रणातील पहिला वाचक एकच असल्याचे धरता येत नाही.

मारकतेची श्रेणी : ही श्रेणी म्हणजे निदान नव्हे. गाठीचे ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती दिलेली नाही. रुग्ण ६० वर्षांचा धूम्रपान करणारा पुरुष आहे असे गृहीत धरून, केवळ प्रतिमेवरून गाठ मारक असण्याचा संभव किती वाटतो, ते तज्ञाने अंकाने नोंदविले आहे. निदानाची माहिती संग्रहातील थोड्याच, सु. दीडशे, रुग्णांच्या बाबतीत उपलब्ध आहे. अनेक शोधनिबंधांत सरासरी श्रेणी ३ हून अधिक असलेल्या गाठींना ‘मारक’ व कमी असलेल्यांना ‘सौम्य’ असे नाव देऊन, नेमकी ३ सरासरी असलेल्या गाळून टाकतात. गणिताच्या दृष्टीने ही गाळणी सोयीची असली, तरी वैद्यकीय दृष्ट्या ती शंकास्पद आहे. श्रेणी ३ म्हणजे ‘सांगता येत नाही’. ज्या गाठींबाबत वैद्याला साहाय्य हवे असते, त्या बहुतांशी याच होत. त्या वगळून पारखलेली पद्धत सोप्या परीक्षेत उत्तीर्ण होते व तिची टक्केवारी मोठी दिसते. शिवाय क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या भारतासारख्या देशात फुप्फुसातील गाठ ही बऱ्या झालेल्या क्षयाची खूणही असू शकते. अमेरिकन धूम्रपी पुरुष कल्पून दिलेल्या श्रेणी येथील रुग्णांना जशाच्या तशा लावणे त्यामुळे युक्त नाही.

श्रेणींमध्ये दोषही आढळले आहेत. प्रथम प्रसृत केलेल्या ३९९ चित्रणांपैकी सु. १०० चित्रणांतील काटेरीपणा व पाळीदारपणा यांच्या श्रेणी ठरलेल्या मापप्रमाणाशी विसंगत असल्याचे संग्राहकांनी पुढे जाहीर केले. काटेरी कड हे मारकतेचे महत्त्वाचे लक्षण मानले जात असल्याने, या गुणावर अट घालणाऱ्याने हा इतिहास ध्यानात ठेवणे अवश्य आहे. दिनांकाची अट तर या संग्रहात निरुपयोगीच आहे. रुग्णांची ओळख लपविण्यासाठी दिनांक बदलले असून बहुतेक चित्रणांवर १ जानेवारी २००० हाच दिनांक दिसतो. नोंद आहे, मूल्य आहे, प्रकारही बरोबर आहे आणि तरीही त्यात माहिती काहीच नाही, असे हे उदाहरण होय.

शिकविण्याचा व पारखण्याचा संच वेगळा करतानाही पायरीचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. चित्रणांची वाटणी केली, तर दोनदा चित्रण झालेल्या आठ रुग्णांपैकी कोणी दोन्ही संचांत येऊ शकतो. गाठींची वाटणी केली, तर एकाच फुप्फुसातील गाठी दोन्हीकडे जातात. वाटणी रुग्णक्रमांकावरूनच व्हावयास हवी.

टिकाऊपणा : पायएलआयडीसी ज्या इतर लायब्रऱ्यांवर उभी आहे, त्यांत बदल होत गेले. नमपाय या गणिती लायब्ररीने २०२२ मधील १·२४ व्या आवृत्तीतून पूर्णांक-प्रकाराचे एक जुने नाव काढून टाकले व पायथन भाषेने २०२३ मधील ३·१२ व्या आवृत्तीतून मांडणी-फाइली वाचण्याचे एक जुने साधन वगळले. ही दोन्ही वापरणाऱ्या जुन्या आज्ञा नव्या संगणकावर अडून पडतात. उपाय कठीण नाही. एकतर त्या ओळी दुरुस्त कराव्यात, किंवा जुन्या आवृत्त्यांचे वेगळे वातावरण राखावे. आज्ञावली अडून पडणे हे तिने चुकीचे उत्तर निमूटपणे देण्यापेक्षा केव्हाही बरे. गाळणीची फेरतपासणी करता यावी म्हणून शोधप्रश्नाचा मजकूर, लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या, प्रत्येक अटीनंतर उरलेली संख्या व निवडलेल्या मालिकांचे अभिज्ञान-क्रमांक अहवालासोबत जपून ठेवतात.

लूना-१६ ची गाळणी : याच संग्रहातून २०१६ मध्ये गाठशोधक पद्धतींच्या तुलनेसाठी निवडलेला लूना-१६ हा संच गाळणीच्या विचारपूर्वक वापराचा नमुना म्हणून उल्लेखनीय आहे. २·५ मिमी. हून अधिक जाडीची, छेदांमधील अंतर विषम असलेली व मधले छेद गहाळ असलेली चित्रणे वगळल्यावर १,०१८ पैकी ८८८ उरली. चौघांपैकी निदान तिघांनी ३ मिमी. वा अधिक म्हणून दर्शविलेल्या गाठी तेवढ्या प्रमाण मानल्या. त्या १,१८६ भरल्या. उरलेल्या खुणांचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न होता. एकदोघांनीच पाहिलेल्या गाठी, ३ मिमी. हून लहान गाठी व इतर विकृती यांना संयोजकांनी ‘गाठ नाही’ या वर्गात टाकले नाही. एखाद्या पद्धतीने त्या ठिकाणी बोट ठेवले, तर ते यशात धरले जात नसे व चुकीतही धरले जात नसे. गाळलेल्या नोंदींना विरुद्ध उत्तर न समजता ‘अनिर्णित’ म्हणून बाजूला ठेवण्याची ही रीत पुष्कळ अभ्यासांत पाळली जात नाही. या तुलनेचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वोत्तम पद्धतीने दाखविलेली पण प्रमाण यादीत नसलेली काही स्थळे चार अनुभवी तज्ञांना पुन्हा पाहावयास दिली, तेव्हा मूळ वाचकांच्या नजरेतून सुटलेल्या खऱ्या गाठी त्यांत आढळून आल्या.